कंबर एकतीस

भाज्यांचं सूप
कांदा, गाजर, बटाटा, फरसबी, घरात असेल ते. बारीक चिरणे. लोण्यावर परतणे. पाणी घालून शिजवणे. मीठ अंदाजाने.

मास्तरांनी कार्ड दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्या वेळीही त्यात काही वाढलं नाही. अठ्ठावीस वर्षं जिच्या हातचं जेवलो, तिनं सगळी विद्या पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर उतरवली होती आणि शेवटचा शब्द काय, तर अंदाजाने.

शिंप्यासमोर हा शब्द काढू नये. गिऱ्हाईक म्हणतं, शिवा हो मास्तर अंदाजानं. आणि मग दोन महिने बाही तोकडी म्हणून दुकानाच्या दारात उभं राहतं.

पण विचारायचं कोणाला? कार्ड लिहिणारी पाच वाजताच जिना उतरून गेली होती. खाली दुकान, वर घर, मध्ये चौदा पायऱ्या. त्या पायऱ्या ती आजवर गिऱ्हाइकांसाठी चहा घेऊन उतरायची. या सोमवारी ती खांद्याला पिशवी लावून उतरली, ती थेट चौकापलीकडच्या वाचनालयात. संध्याकाळची पाळी, पाच ते आठ. वय वर्षं चोपन्न, आयुष्यातली पहिली नोकरी.

जाण्याआधी तिनं पत्र्याच्या डब्यात बावीस कार्डं भरून ठेवली होती. रात्रीच्या जेवणाची सोळा, गोडाची सहा. आणि एक अट घातली होती. अट तिचीच, दुसऱ्या कोणी घालायची हिंमत केली नसती.

मास्तरांचे वडील दोन वर्षांपूर्वी दुखण्यातून उठले तेव्हा त्यांची कंबर पस्तीसवरून तिसावर आली होती. वजनकाट्यावर ते उभे राहत नसत. बटाटे मोजल्यासारखं वाटतं म्हणत. म्हणून दर रविवारी सकाळी मास्तर टेप घेऊन त्यांची कंबर मोजत आणि दुकानाच्या माप-वहीत लिहीत. सुनेनं दोन वर्षं मऊ, गरम, थोडं-थोडं खाऊ घालून ती कंबर साडेएकतीसवर आणली होती. पाव-पाव इंचानं. तेवढ्या काळात लोकांनी घरं बांधली असती.

"महिनाभर बघते," ती म्हणाली होती. "बाबांची कंबर एकतीसच्या खाली गेली तर नोकरी सोडते. मग मला समजावत बसू नका."

आणि दारातून वळून म्हणाली, "त्यांचं ताट धुवायचं नाही. झाकून ठेवायचं. मला बघायचंय."

*

कापडाचा एक नियम असतो: जास्त सोडावं. शिवणीच्या आत बोटभर कापड जास्तीचं ठेवायचं, धंद्यात त्याला माया म्हणतात. माणूस सुटला तर उसवून सैल करता येतं, नको असेल तर कापून टाकता येतं. कमी पडलं तर मात्र कोणाचा बाप काही करू शकत नाही.

मास्तरांनी याच नियमानं सूप शिवलं. म्हणजे शिजवलं. चमचाभर मीठ बरोबर वाटत होतं, म्हणून दीड घातलं. लोणी दोन चमचे वाटत होतं, म्हणून तीन. आचही जरा जास्तीचीच ठेवली.

सात वाजता बाबा जेवायला बसले. पहिला घोट घेतला. चमचा खाली ठेवून खिडकीबाहेर बघितलं.

"अरे," ते म्हणाले, "मला पोहता येत नाही. समुद्रात कशाला आणलंस?"

पुढे मग ते पाव कोरडाच चावत बसले. मास्तरांनी स्वतः वाटीभर सूप संपवलं, हट्टानं, आणि तांब्याभर पाणी प्यायले. जास्तीचं कापड कापता येतं, हे त्यांना अठ्ठावीस नव्हे, चाळीस वर्षं माहीत होतं. जास्तीचं मीठ कुठून कापायचं, हे कोणी शिकवलं नव्हतं.

*

ताट, सोमवार. सूप जवळजवळ सगळं उरलेलं. पावाच्या कडा.
ताट, मंगळवार. करपलेला भात एका बाजूला, नीट रांगेत मांडलेला.
ताट, बुधवार. अंडं खाल्लेलं. बटाटे आतून कच्चे, प्रत्येकावर एकेक दाताची खूण.
ताट, गुरुवार. काही उरलेलं नाही. (बाबांनी खिडकीतल्या कबुतरांना घातलं. मास्तरांनी बघितलं.)
ताट, शुक्रवार. सूप, दुसरा प्रयत्न. मीठ घालायची भीती वाटून घातलंच नाही. बाबा म्हणाले, हे दवाखान्यातलं आहे, दोन वर्षांपूर्वीचं, तू जपून ठेवलं होतंस का?

सव्वाआठला ती यायची, पिशवी खुंटीला लावायची, ताटावरचं झाकण उचलायची. काही म्हणायची नाही. झाकण परत ठेवताना आवाज होऊ द्यायची नाही, तेच मास्तरांना जास्त लागायचं. बाबा तोवर खोलीत आडवे झालेले असत, छातीवर पुस्तक घेऊन. सूनच आणून द्यायची ती पुस्तकं, मोठ्या अक्षरांची, जहाजं आणि वादळांची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तीन फस्त केली होती. भूक तिकडे होती म्हणायची.

माप-वही, पहिला रविवार: कंबर सव्वाएकतीस.

रस्त्यापलीकडे मास्तरांची थोरली बहीण राहायची. रविवारी ती भावाकडे चहाला येई आणि साखरेबरोबर चार टोमणे विरघळवून जाई. वहीत डोकावून ती म्हणाली, "छान. बायकोला नोकरी आणि बापाला उपास."

"ताई, पाव इंच म्हणजे श्वासाचा फरक असतो," मास्तर म्हणाले.

"मग श्वास तरी घेऊ दे त्याला. तुझं सूप नाकानं हुंगूनच जीव दमतो."

सून हसली. पण वहीवर बोट ठेवून तिनं आकडा पुन्हा एकदा वाचला.

*

दुसऱ्या आठवड्यात मास्तरांनी सगळं कमी करून पाहिलं. मीठ कमी, आच कमी, वेळ कमी. नाचता येईना तेव्हा अंगण बदलून बघितलं: पातेलं बदललं, मग शेगडी बदलली. बाबा अर्धं खाऊन उठायचे आणि जाताना मुलाच्या पाठीवर थोपटायचे. परीक्षेत नापास झालेल्या पोराला थोपटतात तसं.

माप-वही, दुसरा रविवार: कंबर एकतीस. बरोबर एकतीस. टेप ओढून नाही, सोडून नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ती चष्मा विसरून गेली. मास्तर तो द्यायला वाचनालयात गेले. दारातूनच ती दिसली. लांब टेबलामागे उभी, कानामागे पेन्सिल खोचलेली, समोर एक पोस्टमन आणि दोन शाळकरी मुली. तिघांना तीन पुस्तकं हवी होती आणि तिला तिन्ही कपाटं पाठ होती. पोस्टमननं काहीतरी विचारलं, त्यावर तिनं उत्तर दिलं आणि तिघंही हसली. ती ताठ उभी होती. अठ्ठावीस वर्षांत मास्तरांनी तिच्यासाठी कितीतरी कपडे शिवले होते, प्रत्येक वेळी डावा खांदा अर्धा इंच उतरता धरून. आज तो खांदा उतरलेला नव्हता. नवीन माप घ्यायला हवं, त्यांच्या मनात आलं. चष्मा शिपायाच्या हाती देऊन ते न भेटताच परत आले.

दुकानात एक कोट टांगलेला होता, डॉक्टरांचा. कच्ची शिलाई मारलेला, पांढरा दोरा बाहेरून दिसणारा. डॉक्टर सहाला ट्रायलला येणार होते. मास्तर त्या कोटाकडे बघत उभे राहिले. चाळीस वर्षांत एकही कोट त्यांनी ट्रायलशिवाय पक्का केला नव्हता. आधी कच्चं टाचायचं, अंगावर घालून बघायचं, खडूनं खुणा करायच्या, मग मशीन. आणि स्वयंपाक मात्र गेले पंधरा दिवस एकदम पक्का शिवून माणसासमोर ठेवत होते.

डॉक्टर गेल्यावर ते वर आले, शेगडीपाशी स्टूल ठेवलं आणि आत हाक मारली.

"बाबा, जरा या. ट्रायल आहे."

*

ट्रायलीत बाबा काय काय म्हणाले, ते असं. (मास्तर ते माप-वहीच्या मागच्या पानांवर लिहीत गेले. बाबा स्टुलावर बसलेले, हातात चमचा, मानेला टॉवेल. ऐंशी वर्षांत स्वयंपाकघरात त्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे बरंच साठलेलं होतं.)

सूप: खांद्यात ओढतंय. मिठाला अर्धा इंच सोड.
तेच, पाच मिनिटांनी: आता बसलं. थांब, नीट कळलं नाही. अजून एक चमचा दे.
भात, मटार, कोंबडी, एकाच पातेल्यात: काखेत गच्च. पाणी घाल.
तेच: अजून गच्च. शितावरून भाताची परीक्षा करतात ते शेजाऱ्यांनी. मला वाटीत दे.
भाजलेली सफरचंदं, मध घालून: एक सफरचंद म्हणजे एक बाही. दुसरी बाही घालून बघितल्याशिवाय कोट कसा सांगू?
केळी-दही: बटणं उशिरा लागली. पण लागली.

म्हातारा खोटं बोलत नव्हता. प्रत्येक खेपेला तो डोळे मिटून चव घेई, आणि मास्तर त्याप्रमाणे लिंबू पिळत, आच कमी करत, दूध वाढवत. आठवड्याच्या अखेरीस मास्तरांच्या स्वयंपाकघराला खरोखर चांगला वास यायला लागला. खालून जाणारी बहीणसुद्धा जिन्याशी थांबून वर बघून गेली, आणि काहीच बोलली नाही. तिच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळणं शक्य नव्हतं.

ट्रायल साडेपाचला सुरू व्हायची. मग सव्वासहाला दुसरी. गोड असलं तर पावणेसातला तिसरी. सातला जेवण.

आणि सात वाजता बाबा ताटावर बसून चमचा इकडून तिकडे फिरवायचे.

ताट, तिसऱ्या आठवड्याचा गुरुवार. सूप हात न लावलेलं. पाव अख्खा.
ताट, शुक्रवार. भात जवळपास तेवढाच.
ताट, शनिवार. सफरचंद, एक घास.

तिसऱ्या रविवारी मापच झालं नाही. वाचनालयातल्या पुस्तकांची वर्षाची मोजणी होती, ती सकाळीच गेली, आणि तिच्याशिवाय माप घ्यायचं नाही असं ठरलेलं होतं. राहिला चौथा रविवार.

मास्तरांना काही कळेनासं झालं. चव जमली होती, हे त्यांची जीभ सांगत होती. मग माणूस जेवत का नाही? कोट अंगावर बेतल्यासारखा बसतोय आणि गिऱ्हाईक तो दुकानातच टाकून जातंय.

*

पावाचं पुडिंग
शिळा पाव, दूध, दोन अंडी, साखर, बेदाणे. भिजवणे. वर लोण्याचे तुकडे. ओव्हनमध्ये सोनेरी होईपर्यंत.

चौथ्या शनिवारी हे कार्ड डब्यातून काढताना त्याच्यामागून एक घडी घातलेला कागद आला. वाचनालयाच्या सचिवांना. घरगुती कारणास्तव. सोमवारपासून. खाली तिची सही, नेहमीपेक्षा लहान.

मास्तर ओट्याला टेकून उभे राहिले. तिनं रागावून लिहिलं नव्हतं, अक्षर सरळ होतं. महिनाभर ती ताटावरची झाकणं उचलत होती आणि बोलली नव्हती; ते सगळं न बोलणं या कागदावर आलं होतं. कागद त्यांनी होता तसा डब्यात ठेवला. मग बाह्या वर सरसावल्या. आज बाबांनी ताट पुसून खाल्लंच पाहिजे. त्यासाठी आज पुडिंगच्या दोन नव्हे, चार ट्रायली.

पहिल्या ट्रायलीला बाबा म्हणाले, अंगात येत नाही. दुसरीला म्हणाले, पाठ बरोबर, पुढून सुरकुती आहे. तिसऱ्या वेळी पुडिंग ओव्हनमधून नुकतंच बाहेर आलं होतं. शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत धरवत नाही, तशी त्यांची गत. जीभ भाजून घेतली आणि म्हणाले, साखर बेताची आहे, हीच ठेव. चौथ्या खेपेला मास्तरांनी न विचारताच वाटी पुढे केली. बाबांनी ती रिकामी केली, चमचा उलटा करून चाटला आणि म्हणाले, "पक्कं कर. आता हात लावू नकोस."

सात वाजता ताट वाढलं. बाबांनी पुडिंगकडे प्रेमानं बघितलं.

"सुरेख झालंय," ते म्हणाले. "पण पोटात जागा नाही रे."

मास्तरांनी ताटावर झाकण ठेवलं. सव्वाआठला तिनं ते उचललं, खाली ठेवलं, आणि या वेळी पहिल्यांदाच म्हणाली, "चांगलं दिसतंय हो." मग वळून कार्डांच्या डब्याकडे बघितलं.

*

चौथा रविवार, सकाळ. ताई चहाला आलेली. बाबा मध्यभागी उभे, हात आडवे. मास्तर टेप घेऊन गुडघ्यावर. ती वही उघडून, पेन्सिल घेऊन.

मास्तरांनी टेप फिरवला, आकडा बघितला आणि परत फिरवला.

"सव्वाबत्तीस."

ताईनं मान पुढे काढून बघितलं. मग म्हणाली, "पालथा धरलायस टेप."

टेप सुलटाच होता. पण मास्तरांची बोटं तेवढ्यात शर्टावरून फिरली आणि थबकली. बोटांना अस्तर ओळखता येतं. "बाबा, शर्ट काढा."

शर्टाखाली बनियन होतं. बनियनखाली दुसरं बनियन होतं.

"थंडी वाजते," बाबा म्हणाले. मग सुनेकडे बघून, जरा खाली मान घालून, "जहाज आत्ताच कुठे बंदरातून निघालंय, सूनबाई. पुढचे दोन भाग तुझ्याच वाचनालयात आहेत. म्हटलं, पाव इंच आपल्या बाजूनं."

तिनं पेन्सिल कानामागे खोचली. दोन्ही बनियनं खुर्चीवर गेली. मास्तरांनी उघड्या पोटावर टेप लावला. मग त्यांनी टेप ताईच्या हातात दिला. ताई त्यांच्यावर मेहरबानी करणारी नव्हती.

"बत्तीस," ताई म्हणाली. आणि अगदी नाइलाजानं, "भरपूर बत्तीस."

टेप ताणलाय का म्हणून दुकानातल्या लोखंडी पट्टीला लावून बघितला. जराही फरक नाही.

"हे कसं होईल?" ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "मी रोज ताट बघते. गेले बारा दिवस ते जेवलेलेच नाहीत."

"माझं ताट बघतेस?" बाबा म्हणाले. "का?"

"नाही जेवलेत," मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले. "मी समोर बसतो. ट्रायलीला बरं म्हणतात आणि जेवायला बसले की पोटात जागा नाही म्हणतात."

"ट्रायल म्हणजे?"

मास्तरांनी सांगितलं. कोटाचं सांगितलं, कच्च्या शिलाईचं सांगितलं, स्टुलाचं सांगितलं. वहीची मागची पानं उघडून तिच्यापुढे धरली. ती वाचत गेली. सूप, पहिली ट्रायल, चार चमचे, दुसरी, वाटी. भात, दुसरी, वाटी, तिसरी, दीड. सफरचंदं, दोन. पुडिंग, चार ट्रायली, आणि पुढे मास्तरांच्या नीटस अक्षरात: चौथी वाटी पूर्ण, पक्कं.

"अहो," ती सावकाश म्हणाली, "हे जेवणच आहे."

"छे. ही ट्रायल आहे," मास्तर म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. "डॉक्टरांनी कोट चारदा अंगात घातला, म्हणून काय त्यांनी तो वापरला असं कोणी म्हणेल?"

ताईच्या नाकात चहा गेला. तिला ठसका आवरेना, तिच्या पाठीवर थोपटायला बाबाच पुढे झाले, उघडेच. सून मात्र हसली नाही. ती खुर्चीवर बसली, वही मांडीवर ठेवली आणि शेवटचं पान पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. वाचता वाचता खांदे हलायला लागले, तेव्हा कळलं की ती हसतेच आहे.

मग ती उठली आणि आत गेली. डबा उघडल्याचा आवाज आला. मास्तर मागोमाग गेले. घडी घातलेला कागद तिच्या हातात होता. तो त्यांनी बघितला आहे, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं असावं.

"कागद जाड आहे," ती म्हणाली. "वाया कशाला घालवा."

तिनं कानामागची पेन्सिल काढली. ती रविवारीसुद्धा तिथे असायची आता. कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. मास्तर तिच्या डाव्या खांद्याकडे बघत होते. तो सरळच होता.

बाहेरून बाबांनी शर्टाची बटणं लावत विचारलं, आज रविवार, तर ट्रायल साडेपाचलाच का, की जरा लवकर. ताईनं विचारलं, ट्रायलीला माणसं किती बसतात.

भाज्यांचं सूप
कांदा, गाजर, बटाटा, फरसबी, घरात असेल ते. बारीक चिरणे. लोण्यावर परतणे. पाणी घालून शिजवणे.
मीठ बाबांना विचारून.
ताट लहान घेणे.